उणी बाजू तिसरी

नागपूरच्या महाल भागात मधुसूदनला विमा कचेरीतला कारकून म्हणून कमी आणि रविवारच्या पेपरातला सिनेमावाला म्हणून जास्त लोक ओळखत. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की पहिल्या खेळाला हा पासावर बाल्कनीत हजर. रविवारी परीक्षण छापून यायचं, आधी जमेच्या बाजू, मग उण्या बाजू, अगदी क्रमांक घालून. कौटुंबिक आणि देवादिकांचे सिनेमे त्यानं खुशाल दुसऱ्यांना देऊन टाकले होते. याला फक्त मारधाड हवी. पस्तिशी ओलांडलेला, चष्मेवाला, झुरळ दिसलं तर पाटावर चढणारा माणूस, आणि आवड बघा! पेपरातले लोक त्यावरून चिडवत, तो हसून घेई.

खरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. चौसष्ट साली त्याचा धाकटा भाऊ मनोहर घरातून निघून गेला, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा मधुसूदननं त्याला चारचौघांत नाही नाही ते सुनावलं होतं. वडील वारलेले, म्हणून वडीलकी याच्याकडे आलेली, आणि ती यानं जरा जास्तच मनावर घेतलेली. वर्षभरानं मुंबईहून एक कार्ड आलं, पत्ता नसलेलं. 'सिनेमात नायकाच्या बदली उड्या मारतो. पडद्यावर फक्त पाठ दिसते, तेव्हा शोधू नका.' आईनं, यमुताईंनी, ते कार्ड देवघरात ठेवलं. त्यानंतर घरात मनोहरचं नाव निघालं नाही.

पण शोधू नका म्हटल्यावर कोण शोधायचं थांबतं? मधुसूदन पाठी बघत राहिला. नायक काच फोडून बाहेर पडला की लोक शिट्ट्या मारत, हा खांद्यांची रुंदी बघे. आठ वर्षांत डुप्लिकेट ओळखण्यात त्याचा हात धरणारा नागपुरात कुणी उरला नाही. भाऊ मात्र सापडला नाही. कुणी उंचावरून खाली झेपावलं की हा तोच असेल का, या विचारानं त्याची रात्रीची झोप जायची.

त्या शुक्रवारी सीताबर्डीच्या टॉकीजला लागलेला सिनेमा खरं तर झकास होता. मधुसूदननं जमेच्या बाजू हात सैल सोडून लिहिल्या. पाठलाग कुठे ढिला पडत नाही. खलनायक ओरडत नाही, हळू बोलतो, म्हणून त्याची धास्ती वाटते. गाणी तीनच, आणि तीही विडी ओढायला बाहेर जावं अशी नाहीत. मग उण्या बाजू. पहिली, नायिकेला काही कामच नाही. दुसरी, पोलीस नेहमीसारखे सगळं आटोपल्यावर येतात. तिसरी लिहिताना मात्र त्याला फार मजा आली: 'पुलावरून मालगाडीवर उडी घेण्याआधी नायक उगाच मागे वळून बघतो, आणि तो नायक नव्हेच हे ढळढळीत दिसतं. वर त्या चेहऱ्यावर भीती! असा तुकडा दिग्दर्शकानं ठेवलाच कसा? प्रेक्षकानं टाळी वाजवायची तरी कुणासाठी?'

रविवारी दिवसभर लोकांनी त्याची पाठ थोपटली. संध्याकाळी स्वारी खुशीत घरी आली, तर यमुताई मेथीची जुडी पुढ्यात घेऊन नुसत्याच बसलेल्या.

"मधू, सिनेमा रोज बदलतो का रे?"

"काहून?"

"काल होतं ते आज नसतं, असं होतं का?"

त्याला काही कळेना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. 'कीर्तनाला जाते' म्हणून यमुताई ज्या दुपारी निघत, त्या दुपारी शेजारच्या सिंधूताईंबरोबर सिनेमाला जात. खालच्या बायकांच्या वर्गात, पडद्याच्या अगदी पुढ्यात बसत. याची आठ वर्षं, तशीच त्यांचीही आठ वर्षं. एका घरात राहून दोघांनी एकमेकांना पत्ता लागू दिला नव्हता.

"मन्या दिसला काल," त्या म्हणाल्या. "पुलावर होता. मागे वळून पाहिलं त्यानं. मला वाटलं, आपले डोळे म्हातारे, उद्या पुन्हा जाऊन नीट पाहू, मगच तुला सांगू. आज गेले, तर पूल आला आणि एकदम गाडीच आली. मन्या नाहीच."

मधुसूदनच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं चप्पल घातली, सायकल काढली आणि सीताबर्डीची वाट धरली.

टॉकीजचे मॅनेजर बाबाराव त्याला बघून खुर्चीतून उठलेच. "या, या! तुमचंच नाव काढून राहिलो होतो. सकाळी पेपर वाचला न् ऑपरेटरले सांगितलं, काप तो तुकडा. साहेब लाखात एक बोलून राहिले. पब्लिक खूश आहे आता!" त्यांनी चहा मागवला. मधुसूदननं तो प्याला नाही. तो थेट वर, मशीनच्या खोलीत गेला.

ऑपरेटर बळीराम टोपलीतली फीत गुंडाळत होता. "फेकलं नाही जी, डब्यात हाय. पन तुमाले काहून पायजे? तुमीच तं वाईट म्हनलं त्याले."

"माझा भाऊ आहे तो."

नऊ वर्षांत हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच कुणापुढे उच्चारलं. बळीरामचे हात थांबले. त्यानं डब्यातून हातभर फीत काढली आणि कागदात गुंडाळून दिली. "उद्या आना. जसं होतं तसं जोडून देतो. बाबारावले मी सांगतो काय सांगायचं ते."

जिन्यातल्या दिव्याखाली मधुसूदननं फीत डोळ्यांशी धरली. नखाएवढ्या चौकोनात नखाएवढा माणूस. मिशी, बसलेले गाल, कपाळावर घाम. एकेक चौकोन त्यानं तपासला. एकोणीस वर्षांचा मनोहर त्यात कुठेच नव्हता.

घरी यमुताईंनी फीत दोन्ही हातांनी बल्बसमोर धरली.

"आई, मला तो ओळखू आला नाही," मधुसूदन म्हणाला. त्याला स्वतःची लाज वाटत होती. "शुक्रवारीही नाही, आत्ताही नाही. तुझी खात्री आहे ना?"

त्यांचा अंगठा फितीच्या कडेवरून सावकाश पुढे सरकत होता.

"काटोलला मामाच्या विहिरीत उडी मारायच्या आधी असाच वळून पाहायचा," त्या म्हणाल्या. "भ्यायचा ना पोरगा. तू काठावर उभा आहेस की नाही, ते पाहून घ्यायचा न् मग उडी टाकायचा."

मधुसूदन तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. चष्मा काढून त्यानं सदऱ्याला पुसला, तरी त्याला समोरचं काही दिसेना.

"मी होतो ना आई," तो रडत म्हणाला. "बाल्कनीत बसलो होतो मी."