न मोडलेली फळी

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. माझी गोष्ट ऐकायला लोक हौसेने बसतात आणि सांगताना मला मात्र मान वर करवत नाही. फळीला मान नसते, हे मला ठाऊक आहे. लाज असते.

माझा जन्म वेह बेटाच्या डोंगरातला. माझे लाकूड इतके टणक की मला तासताना सुताराची दोन पाती बोथट झाली. वीस हात लांब आणि दीड हात रुंद अशी मी साबांग बंदराच्या धक्क्यावर आले. माझे एक टोक धक्क्यावर आणि दुसरे आगबोटीच्या काठावर ठेवत. हमाल माझ्यावरून कोळशाच्या टोपल्या बोटीत नेत.

आमचे बेट केवढेसे! पण आगबोटीचे पोट कोळशाने भरते आणि भर समुद्रात कोळसा पिकत नाही. ज्याच्या बेटावर कोळशाचा ढीग, त्याचा समुद्र. पलीकडे पेनांगलाही मोठा ढीग होता, पण तो पडला इंग्रजांचा. “लढाईच्या दिवसांत शेजाऱ्याच्या चुलीवर भात शिजवायचा का?” असे आमचा मुकादम विर्यो हमालांना विचारी. डचांना तो शिजवायचा नव्हता. समोर आचेहच्या किनाऱ्यावर तिथल्या लोकांशी त्यांची लढाई वर्षानुवर्षे चालली होती, म्हणून त्यांनी आमच्या बेटावर आपली चूल मांडली. मी त्या चुलीपुढची दासी.

माझ्यावरून चालायची एक रीत होती. दोघे हमाल बांबूच्या काठीला टोपली अडकवून पुढे-मागे चालत आणि मी मधोमध लवत असे. दोघांचे पाय माझ्या लवण्याबरोबर पडले तर ओझे हलके होई. चुकले, तर दोघेही पाण्यात. लेमान आणि पाइमिन ही जोडी कधी चुकली नाही. लेमान आचेहच्या किनाऱ्यावरच्या कुआला मेरंती गावचा, पाइमिन जावाच्या डोंगरातला. एक बोलायला लागला की थांबत नसे आणि दुसरा बोलतच नसे. बोलणारा पाइमिन.

मी नवी असताना लेमानने मला थंडावा दिला होता. त्यांच्यात तशी रीतच आहे. नवे घर, नवी होडी, परगावी निघालेला माणूस, सगळ्यांना पानांच्या जुडीने पिठाचे पाणी शिंपडतात, वर तांदूळ टाकतात. लेमानने माझ्यावर पाणी शिंपडले आणि म्हणाला, “कोणाला पाडू नकोस, बाई.” मी त्याचे ऐकले. सात वर्षे मी कोणाला पाडले नाही. बंदराचे साहेब माझ्यावर टाच आपटून म्हणत, “या फळीकडून शिका!” मी फुगून जाई. हमालांच्या खांद्यांना घट्टे पडत होते, त्यांचे कौतुक कोणी केले नाही. तेही मला कधी खटकले नाही.

मग तो दिवस आला. सकाळी एक तोफांची बोट धक्क्याला लागली. दुपारपर्यंत तिचे कोठार भरून द्यायचे होते. कुआला मेरंतीत बंडवाले लपले आहेत, असे साहेबांना कळले होते. मुकादमाच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्यामुळे घटकाभरात ते सगळ्या धक्क्यालाही कळले.

सुकी मासळी विकायला आलेली लेमानची बहीण रोहानी धावत माझ्यापाशी आली. भावाला त्यांच्याकडे आबांग म्हणतात.

“आबांग, ती बोट आपल्या गावाकडंच येणार ना?”

लेमानने मान डोलावली.

“आईला चालता येत नाही. आणखी किती म्हातारी आहेत, लेकरं आहेत. दुपारनंतर नदीला भरती येईल, मग सगळ्यांना होड्यांतून वर जंगलात नेता येईल. आत्ताच पळायचं, तर त्यांना टाकून पळावं लागेल.”

“किती वेळ पाहिजे?”

“दिवस मावळेपर्यंत.”

“मिळेल. आईला सांग, घाई करू नको म्हणावं. संध्याकाळपर्यंत ही बोट हलत नाही.”

“कशावरून?”

“मी सांगतो म्हणून.”

“इतकी वर्षं यांच्या कोळशानं तोंड काळं करून घेतलंस,” रोहानी म्हणाली, “आज तरी शब्द पाळ.” आणि तिने होडीचे शीड सोडले.

धक्क्यावरची दुसरी फळी त्या दिवशी पलीकडच्या मोठ्या आगबोटीला लागली होती. मी मोडले असते तर अर्धा दिवस कोळसा अडला असता. न्याहारीच्या सुट्टीत लेमान करवत घेऊन धक्क्याखालच्या खडकावर उतरला आणि खालून मला कापू लागला. पाइमिन त्याच्या मागे उतरला.

“हे काय चाललंय?”

“आज हिला मोडायचंय.”

“मग थांबलास का? निम्मीसुद्धा कापली नाहीस.”

“हिला मी थंडावा दिलाय रे. जिच्यावर पाणी शिंपडलं तिला पुरती कापायला हात धजत नाही. बाकीचं वजनानं होईल.”

“म्हणजे आपण पडायचं!”

“तुला पोहता येतं ना?”

“मला? मी आंघोळसुद्धा तांब्यानं करतो.”

“मग दुसऱ्या कोणाला घेतो.”

“दुसऱ्याचे पाय तुझ्याशी जुळणार आहेत होय? चल, मुकाट्यानं चल.”

त्यांनी काठीला दोन टोपल्या अडकवल्या आणि ते माझ्या मधोमध आले. तिथे त्यांनी मुद्दाम लय मोडली आणि पाय आपटले. करवतीचा चर उघडू लागला, आत लाकडाच्या रेषा तटतटू लागल्या. लेमान पुटपुटला, “मोड गं, बाई. आता मोड.”

मी मोडले नाही.

मित्रांनो, मला ऐकू आले नाही असे म्हणायची सोय नाही. मला चांगले ऐकू आले. पण बोटीच्या काठावर साहेब उभे होते आणि सात वर्षांचा माझा नावलौकिक होता. शिंपडलेल्या पाण्याचा मान राखते आहे, असे मी स्वतःला सांगितले. खरे तर मला कौतुकाची चटक लागली होती. मी सगळी ताकद एकवटून धरून राहिले. ते दोघे तीनदा आले, तीनदा नाचले आणि साहेब हसून टाळ्या वाजवू लागले. चौथ्यांदा मुकादमाने त्यांना खाली उतरवले. दुपारी बोट भोंगा देऊन गेली. लेमान धक्क्यावर बसून राहिला. दिवस अजून बराच वर होता, तेव्हा समुद्रापलीकडून धडाम्, धडाम् असे आवाज येऊ लागले.

कुआला मेरंतीची माणसे नदीच्या तोंडाशी बसली होती. भरतीची वाट पाहत होती. घाई करू नका, असा त्यांना निरोप होता.

रोहानी वाचली, आई नाही. बहिणीने पुन्हा भावाचे तोंड पाहिले नाही. लेमाननेही खुलासा केला नाही. तो माझ्यावरून ओझी नेत राहिला आणि चार वर्षांनी तापाने गेला.

पुढे बोटी तेलावर चालू लागल्या. कोळशाच्या ढिगावर गवत आले. पाइमिनने बंदराजवळ कॉफीचे दुकान काढले आणि मला तोडून बाक केले. गिऱ्हाईके माझ्यावर थाप मारतात. म्हणतात, “काय लाकूड आहे! कधी मोडलं नाही म्हणे.”

एकदा एक म्हातारी आली, माझ्यावर बसली. पाइमिनने तिला ओळखले. कॉफी पुढे ठेवून त्याने तिला करवत, दोन टोपल्या, तीन फेऱ्या, सगळे सांगितले.

“मग त्यानं मला का नाही सांगितलं?” रोहानी म्हणाली.

“काय सांगणार? फळी मोडली नाही म्हणून? तुम्ही ऐकलं असतं?”

“नसतं ऐकलं.” तिने माझी कड चाचपली. मग म्हणाली, “ही तीच?”

“तीच.”

ती उठली. पाइमिन बसा बसा म्हणत राहिला. तिने उभ्यानेच कॉफी संपवली आणि ती गेली.

मला पुसा, वाळवीपासून जपा, असे मी मागत नाही, मित्रांनो. एवढेच मागते. माझ्यावर थाप मारून कोणी माझ्या ताकदीचे कौतुक केले, तर त्याला कुआला मेरंतीचे नाव सांगा. नकाशात ते आता सापडत नाही, तोंडीच सांगावे लागेल.