निळ्या डब्यातला घेवडा

सोमवारी दुपारी मुंगीने शेवटच्या निळ्या डब्यातला शेवटचा दाणा खाल्ला आणि चमचा पालथा ठेवला. तिच्या आईने तो चमचा उचलला, धुतला आणि उगाचच परत धुतला.

मुंगी चार वर्षांची. एका वेळी एकच दाणा उचलते म्हणून आजीने तिला हे नाव ठेवलं होतं. टोमॅटोच्या रश्शातला पांढरा घेवडा, तोही निळ्या डब्यातला, तोही थंडगार, एवढंच तिच्या पोटात जाई. बाकी जगाशी तिचं वाकडं. एकदा एखादी गोष्ट तोंडातून बाहेर आली की ती कायमची बाद. केळं बाद, उकडलेला बटाटा बाद, दूध बाद, भात तर दुसऱ्या वर्षीच बाद झाला होता. आणि आता ज्या कारखान्यात निळा डबा भरला जायचा त्याला कुलूप लागून तीन महिने झाले होते. आईने गावातली दुकानं पालथी घातली होती. फळीच्या मागे पडलेले, चेपलेले डबेसुद्धा तिने आणले होते. तेही संपले.

मंगळवारी आईने लबाडी केली. दुसऱ्या कंपनीचा लाल डबा फोडून त्यातला घेवडा निळ्या डब्यात ओतला आणि पुढे केला. मुंगीने वास घेतला. आईकडे पाहिलं. एक दाणा तोंडात घातला आणि तळहातावर काढून आईच्या हातात दिला, अगदी हलकेच, जणू आईचं काहीतरी पडलं होतं ते तिने उचलून दिलं. मग निळा डबाच दूर सारला. आता निळ्या डब्यावरही तिचा भरवसा उरला नाही. दिवसभर ती साखरपाण्यावर राहिली.

गुरुवारी सकाळी दहा वाजता दवाखान्यात वजन होतं. डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला सांगून ठेवलं होतं, "बारा किलोच्या खाली गेली तर मी घरी सोडणार नाही. नाकातून नळी घालावी लागेल." बाई वाईट नव्हत्या, खरं तेच सांगत होत्या. पण मुंगीचं नाक साधं पुसायचं तरी दोघींना तिला धरावं लागे.

मंगळवारी दुपारी तिने स्वतः घेवडा रांधायला घेतला. भिजवलेले दाणे आणि टोमॅटोचा गर एकत्रच चढवला आणि तास झाला, दोन तास झाले, दाणे शिजायचं नाव घेईनात. आंबटात पडलेला दाणा हट्टाला पेटतो हे तिला कुठे माहीत! सासूबाईंनी एक दाणा दातांखाली धरला.

"अगं, हे खाण्यापेक्षा याचे मणी ओव," त्या म्हणाल्या. "माझे उरलेले चार दात आहेत, तेवढे तरी राहू देत."

एरवी ती हसली असती. तिने पातेलं मोरीत उपडं केलं आणि तिथेच टेकली. नवरा दूर धरणाच्या कामावर, फोन लागला तर लागला. धुलाईच्या दुकानातून घेतलेली रजा गुरुवारी संपत होती.

सासूबाईंनी उपडं पातेलं उचलून धुतलं. मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "खालच्या मुकादमाला विचारलंस का? जन्म गेला त्याचा त्या कारखान्यात."

तिने कपाळावर हात मारून घेतला. तळमजल्यावरच्या ज्या माणसाशी जिना झाडण्यावरून दर आठवड्याला खटका उडे, तो एकतीस वर्षं त्याच कारखान्यात वाफेच्या खोलीचा मुकादम होता!

बुधवारी सकाळी मुकादम वर आले ते चष्मा आणि ऐट दोन्ही घेऊन.

"लिही," ते म्हणाले. "एका हौदाला दोन पोती घेवडा. पोतं पन्नास किलोचं. चार पिंपं टोमॅटोचा गर. अकरा किलो साखर, पाच किलो मीठ, मक्याचं पीठ तीन किलो. कांद्याची पूड, गोड्या लाल मिरचीची पूड, ओंजळ ओंजळ. व्हिनेगर अर्धी बादली."

"काका, मला एका वाटीचं सांगा ना."

"वाटीचं मला काय ठाऊक? वाटीत कधी कारखाना चाललाय?"

"बादली केवढी?"

"बादली म्हणजे बादली, पोरी! हिरवी होती."

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "रंग कळला, आता काळजी मिटली."

तिने कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या पाठीवर भागाकार मांडले. शंभर किलोला अकरा, तर पाव किलोला किती? आकडे डोळ्यांसमोर तरंगत होते. पलीकडे मुंगी गादीवर पडून छताकडे पाहत होती. कालपासून तिने खेळणंही मागितलं नव्हतं.

"आणि ऐक," मुकादम आवाज खाली आणून म्हणाले, "चुकतेस कुठे तेही सांगतो. आम्ही घेवडा रश्शात कधी शिजवलाच नाही. साध्या पाण्यात मऊ करायचा, मोडू द्यायचा नाही. मग दाणे डब्यात, वरून कच्चा रस्सा, झाकण बंद, आणि डबाच वाफेत. ती चव डब्याच्या आत तयार होते. बाहेर कुणाला साधत नाही."

मग तिने तसंच केलं. दाणे साध्या पाण्यात उकळून मऊ केले, बोटाने दाबले तर दबतील आणि सोडले तर सावरतील इतपत. गर गाळून घेतला. व्हिनेगर घातलं आणि चव पाहताच डोळे मिटले. हिरवी बादली बहुधा लहान होती. साखर घातली. पुन्हा चव. चिमूट मीठ. पुन्हा साखर. मुकादम चमचा चाटून मान हलवत, "अजून… अजून जरा… गोड झालं, आंबट कर." चमचे आणि चिमटी यांचा हिशेब कुठल्या कुठे गेला. शेवटी मुकादमांनी चमचा तोंडात धरला. मग भिंतीकडे पाहून म्हणाले, "हाच. वाफेच्या खोलीत दुपारी हाच वास असायचा."

कडीच्या स्टीलच्या डब्यात दाणे आणि रस्सा भरून तिने डबा कुकरमध्ये ठेवला. संध्याकाळी चार वाजता कुकर उतरला. ती झाकणाला हात घालणार तोच मुकादमांनी तिचं मनगट धरलं.

"आज नाही. ताजा डबा आम्ही कामगारही खात नव्हतो. रस्सा वेगळा लागतो, दाणा वेगळा. रात्रभर मुरू दे, थंड होऊ दे, मग तो निळा डबा."

"काका, उद्या दहाला वजन आहे! दोन दिवसांचं पोट रिकामं आहे तिचं."

"मग दे आज. पोरगी तुझी. मी चव सांगितली."

ते गेले. ती डब्याकडे बघत उभी राहिली. आज दिला आणि मुंगीने खाल्ला, तर उद्या काटा थोडा तरी वर. आज दिला आणि तिने तळहातावर काढून परत दिला, तर हाही बाद, कायमचा. मग काहीच उरत नाही. तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. "मला नको विचारूस गं," एवढंच म्हणाल्या आणि मुंगीचे पाय चोळायला बसल्या.

तिने डबा न उघडता फ्रीजमध्ये ठेवला. आपल्याच हाताने लेकराचा घास कुलपात ठेवल्यासारखं तिला वाटलं.

सकाळी काट्यावर अकरा किलो सातशे भरलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि खणातून भरतीचा कागद काढला.

"बाई, पंधरा मिनिटं द्या," ती म्हणाली. "हात जोडते. फक्त पंधरा मिनिटं. मग तुम्ही म्हणाल तिथे सही करते."

बाहेरच्या बाकावर तिने मुंगीला बसवलं, पिशवीतून डबा काढला आणि कडी उघडली. झाकणाखालून थंड, आंबटगोड वास आला. मुंगीने नाक पुढे केलं. डबा निळा नाही हे तिने पाहिलं. आईकडेही पाहिलं, मंगळवारसारखंच. आईने काही समजावलं नाही. खोटं बोलून झालं होतं, आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने नुसता चमचा पुढे धरला.

मुंगीने एक दाणा उचलला. तोंडात घातला. आईचा तळहात आपोआप पुढे आला, परत घ्यायला.

तळहात रिकामाच राहिला.

दुसरा दाणा. तिसरा. आठव्या दाण्यानंतर मुंगीने पाय हलवायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते आईला कळलंच नाही.

"बारा मी लिहू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण खाते आहे, हे लिहिते. सोमवारी परत आणा. सोमवारी काटा वर नसेल तर मात्र मला हात जोडायचे नाहीत." कागद त्यांनी फाडला नाही. खणात परत ठेवला.

सोमवार. म्हणजे आज संध्याकाळी पुन्हा असाच डबा, उद्या पुन्हा, परवा पुन्हा. अगदी असाच. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं: साखर किती वेळा घातली होती? व्हिनेगर नंतर एक चमचा की दोन? कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार होते, पण चव त्या भागाकारांची नव्हती. डब्याच्या तळाशी चमचाभर रस्सा आणि चार दाणे उरले होते. हे घरी न्यायचं. जिभेवर ठेवून ताडून पाहायचं. मुकादमांना चाखवायचं. तिने झाकण उचललं.

"ते पण माझं," मुंगी म्हणाली.

दोन दिवसांत ती एवढंच बोलली होती.

आईने झाकण बाजूला ठेवलं. डबा तिरका धरून तळ चमच्याने निपटला आणि चमचा लेकीच्या हातात दिला. मग झाकणाला आतून लागलेला थेंब बोटावर घेतला, डोळे मिटून जिभेवर ठेवला, आणि मनाशी पुन्हा पुन्हा म्हणू लागली: आधी आंबट, मग गोड, मग मीठ, आधी आंबट, मग गोड…