हिरवं दिसेना

आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या रोबोटला आम्ही ‘जावई’ म्हणतो. सकाळी त्याला प्लॅस्टिकचे नवे कपडे चढवायचे, तिघांनी मिळून टेबलापाशी आणायचं, त्याच्या चारही हातांना कुणाचा धक्का लागणार नाही हे बघायचं, आणि एवढं करून काही बिनसलं तर चूक आपलीच. त्याला चालवणारे सर्जन रोग्याजवळ नसतातच. ते कोपऱ्यातल्या खोक्यात डोकं खुपसून, बूट काढून, पायमोज्यांनी पेडल दाबत बसतात. डाव्या पायमोज्याला अंगठ्याशी भोक आहे. मी भूलतज्ज्ञ. रोग्याला झोपवते, जागं करते, आणि मधले तीन तास आकडे बघून डोळे दमले की त्या अंगठ्याकडे बघते.

त्या दिवशी टेबलावर होते पोहण्याचे मास्तर. वय अठ्ठावन्न, दारात मावणार नाहीत असे खांदे, आणि मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला गाठ. गाठ काढायची आणि आतड्याची दोन टोकं जोडायची, असा बेत. पण टोकांना रक्त पोचत नसेल तर जोड उसवतो. तशी शंका असली की वरचं टोक पोटावर बाहेर काढतात आणि तिथे मळ साठायला पिशवी लावतात. कायमची नसते नेहमी, पण कधीकधी असते. त्या जागेवर आधीच शाईने फुली मारून ठेवलेली असते. मास्तरांनी सकाळी त्या फुलीवर बोट ठेवलं.

“डॉक्टर, एवढं टाळता आलं तर बघा ना.”

“पिशवी लावून पोहता येतं, मास्तर. पुष्कळ जण पोहतात.”

“ते ठाऊक आहे हो. पण मी रोज उघड्या अंगाने काठावर उभा असतो. समोर साठ पोरं. मला नाही जमायचं. मी तलावावर जाणंच सोडीन.”

मी नेहमीचंच केलं, थट्टा केली. “आमच्या सर्जनांची नजर फार चांगली आहे,” म्हटलं, “फक्त स्वतःच्या पायमोज्यांवर पडत नाही.” ते हसले, पण बोट काही उचललं नाही. मला त्या माणसाची काळजी वाटायला लागली. आमच्या धंद्यात हे बरं नसतं.

गाठ सुटी करेपर्यंत सगळं सुरळीत झालं. आता रक्त कुठवर पोचतंय ते बघायचं होतं. त्यासाठी मी शिरेतून एक हिरवं औषध देते. कॅमेरा खास प्रकाशावर टाकला की पडदा काळा होतो आणि मिनिटभरात जेवढ्या आतड्याला रक्त मिळतं तेवढं हिरवंगार उजळतं. उजळेल ते ठेवायचं, काळं राहील ते कापायचं. आमचे सर्जन मात्र औषध देण्याआधी नुसत्या नजरेने कापायची रेघ आखून ठेवतात. यंत्राने त्यांची परीक्षा घ्यायची म्हणे. आजवर कधी नापास झालो नाही, हे ते दर वेळी ऐकवतात, आणि आम्ही दर वेळी माना डोलावतो.

“रंग,” खोक्यातून आवाज आला.

मास्तरांच्या डाव्या हाताची सलाईन नेमकी तेव्हाच रुसली. दोन्ही हात चादरीत अंगालगत घट्ट बांधलेले, वर जावई पसरलेला, त्यामुळे सुई बघायला जागाच नाही. उजव्या हातालाही एक सुई लावून ठेवली होती. मी तिच्या नळीत औषध ढकललं, मागून सलाईनचं पाणी ढकललं, आणि सगळ्यांसारखी पडद्याकडे बघत उभी राहिले.

पडदा काळा. मिनिट झालं, काळाच. दीड मिनिट झालं.

“हिरवं दिसेना,” थोरल्या सिस्टर म्हणाल्या. त्या सहसा बोलत नाहीत.

दोन मिनिटं झाली. सर्जनांनी खोक्यातून डोकं बाहेर काढलं. हे फारच क्वचित होतं. “रक्तच नाही इथे,” ते म्हणाले. “बरंच वर जाऊन कापावं लागेल. मग टोक खाली पोचणार नाही. सिस्टर, पिशवीची तयारी करा.”

सिस्टर कपाटाकडे वळल्या. सर्जनांच्या मदतनिसाने, ज्याला आम्ही ढेरपोट्या म्हणतो, कापायचं अवजार उचललं आणि नीट दिसावं म्हणून टेबलावर आणखी ओणवा झाला. तेवढ्यात माझ्या कानाशी ‘घूंऽऽ’ झालं. रक्तदाब मोजायच्या पट्ट्यात मशीन हवा भरत होतं. आकडा आला नाही, नुसत्या रेघा. मशीनने पुन्हा हवा भरली. मग ध्यानात आलं की हे घूं घूं मी मघापासून ऐकतेय.

पट्टा उजव्या दंडावर होता. औषध मी उजव्याच हातात दिलं होतं. आणि ढेरपोट्या आपली ढेरी त्याच दंडावर टेकवून उभा होता, म्हणून मशीनला रक्तदाब सापडत नव्हता, म्हणून ते पुन्हा पुन्हा पट्टा आवळत होतं. औषध कोपरापाशी अडकून बसलं होतं. आतड्यापर्यंत एक थेंब गेला नव्हता.

पट्ट्याच्या हाताला औषध देऊ नये, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरींना शिकवतो. मी शिकवते.

खोटं कशाला सांगू, आधी मनात आलं ते भलतंच होतं. औषध जुनं असेल म्हणावं, दुसरी बाटली मागवावी, गुपचूप बटण दाबून पट्टा सोडावा. कुणाला कळलं नसतं. पण अवजाराचा जबडा आतड्याला लागला होता.

“थांबा!” मी ओरडले. “आतड्याला काही झालेलं नाही. चूक माझी आहे. औषध पट्ट्याच्या खाली दिलंय मी. आणि तुम्ही तुमची ढेरी बाजूला घ्या!”

ढेरपोट्या चटका बसल्यासारखा मागे झाला. मी पट्टा सोडला. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं, मास्तर सोडून, आणि त्यांचाही मशीन घेत होतं.

मग पडद्याच्या वरच्या टोकाला हिरवं फुटलं. सरकत सरकत खाली आलं आणि सर्जनांच्या रेघेच्या दोन बोटं वर थांबलं. म्हणजे रेघ अंधारात होती. तिथे जोडलं असतं तर बहुधा उसवलं असतं. सगळ्यांनी ते बघितलं आणि सगळे मूग गिळून बसले.

“दोन बोटं वर घेऊ,” सर्जन हळूच म्हणाले. “टोक पोचेल. सिस्टर, पिशवी राहू द्या.” त्यांनी डोकं परत खुपसलं. मला एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांच्या रेघेबद्दल मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या खाटेपाशी गेले. पिशवी नाही हे त्यांना कळलं होतं, चेहरा उजळला होता. मला म्हणाले, “तुमचे उपकार झाले.” ते ऐकून मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं, पट्टा, ढेरी, लबाडीचा विचार, सगळं.

“किती वेळ होता तो पट्टा?” त्यांनी विचारलं.

“अडीच मिनिटं असतील.”

त्यांनी माझ्याकडून मान फिरवली. रागावले असतील असं वाटलं. रागवायला हवंच होतं.

“अडीच मिनिटांत पाण्यातलं पोर हातचं जातं, डॉक्टर,” ते म्हणाले. “चार वर्षं झाली. मी शिट्टी शोधत पाठ फिरवली होती. एक मुलगी तळाशी गेली. काढली मी, वाचली ती. तिच्या आईला वाटतं मी देवमाणूस. रोज मला हात जोडते. पाठ फिरवली होती हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.”

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले.

“मग आता सांगा,” मी म्हणाले.

“सांगतो. पण तुम्ही याल का बरोबर? एकट्याने तोंड उघडणार नाही माझं.”

“येते,” मी म्हणाले. “पण आधी तुमचा वारा सरू द्या. त्याशिवाय इथून घरी सोडत नाहीत.”