एकशे वीस आणि नऊ

ट्रकवाले त्या काटेवाल्याला हरिश्चंद्र म्हणत. भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढला, की जो आकडा येईल तोच पावतीवर. गयावया करा, नाहीतर शिव्या द्या, दहा किलोही इकडचे तिकडे व्हायचे नाहीत. आणि हाच गृहस्थ गेले चाळीसएक दिवस मोबाइलवर धादांत खोटं बोलत होता!

पुतणीने सिगरेट सोडायचं ॲप दोघांच्या फोनमध्ये घातलं होतं, काकाच्या आणि स्वतःच्या बाबांच्या. ओढली, की लाल बटण दाबायचं. दिवस पुन्हा शून्यापासून. दोघा भावांना एकमेकांचे सगळे आकडे दिसत. धाकट्याला हृदयाचा झटका येऊन गेला होता, डॉक्टरांनी ‘आता एकही नाही’ म्हणून बजावलं होतं. आणि त्याला पहिली सिगरेट पेटवून दिली होती ती याच थोरल्याने, काटेवाल्याने. तिसऱ्या दिवशी थोरल्याला राहवलं नाही. ओढली, पण बटण दाबलं नाही. म्हटलं, धाकट्याचा धीर कशाला खचवा? मग रोजच्या तीन ठरल्या.

दुपारी धाकट्याचा फोन आला.

“दादा, ॲप काढून टाकतोय.”

“का रे बाबा?”

“सहादा शून्यावर आलो. तुझे दिवस बघतो आणि स्वतःचीच लाज वाटते. माझ्यात नाही तो दम. कंटाळलो रे. जे व्हायचं ते होऊ दे.” आणि ठेवलाच.

घ्या! ज्याच्यासाठी सोंग घेतलं, त्याच्याच मुळावर उठलं. काटेवाल्याने खिडकीबाहेर पाहिलं. खाली सकाळची दोन थोटकं पडली होती. भाऊ गेला, तर ॲपवरचे ते त्रेचाळीस दिवस काय चाटायचे होते?

“अहो हरिश्चंद्र, पावती द्या की!” बाहेरून ड्रायव्हर ओरडला.

“थांब जरा, मेल्या!”

त्याने लाल बटण दाबलं. ‘किती ओढल्या?’ ॲपने विचारलं. एक लिहून भागलं असतं. त्याने बोटांवर हिशेब केला आणि लिहिलं, एकशे वीस.

फोन लगेच वाजला. धाकटाच.

“कधीपासून?”

“तिसऱ्या दिवसापासून.”

“नालायक आहेस, दादा.”

“आहे.”

“माझे एकदा सलग नऊ दिवस झाले होते.” धाकटा हिशेब करत म्हणाला. “म्हणजे मी तुझ्या पुढे होतो?”

“होतास रे. काढू नकोस ते.”

“नाही काढत. पण आता बटण दाबत जा.”

“दाबेन,” काटेवाला म्हणाला, आणि डोळे पुसून पावती लिहायला बसला.