अष्टगंधाची रेघ

आमच्या ट्रकच्या चाकांचे नट आवळून झाले, की मी त्यांच्यावर अष्टगंध लावायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाईच्या भक्तीचा हा अतिरेक झाला. पण त्यामागे कारण होतं. नट आवळला की त्याच्यावरून खालच्या रिमपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. पुढे नट जरा जरी सैल झाला, तरी रेघ मोडलेली दिसते. पहिल्या दिवशी रंगाची बाटली वाळून दगड झालेली निघाली आणि माझ्या पर्समध्ये अष्टगंधाची डबी होती. त्यात डिंकाचं पाणी घालून मी रेघा ओढल्या, त्या महिनाभर टिकल्या. मग तीच रीत पडली. आवळायचं भावजींनी, रेघ ओढायची मी. दोघं असल्याशिवाय चाक काढायचं नाही. मी इंग्लंडात, स्लाऊजवळच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ. तिथेही औषधाचं नाव एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं, असंच चालतं. त्यामुळे मला हे फार आवडलं.

भावजी म्हणजे शशिधर, माझे धाकटे दीर. बेसिंगस्टोकला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचे, पण जीव सगळा गाड्यांत आणि पेटीत. आमच्या कीर्तनांना तेच पेटी वाजवत आणि मी झांजा. त्यांचा सूर आणि माझा ताल एकमेकांना असे ओळखायचे, की बुवांनी चाल बदलली तरी आम्हाला मान वर करून बघावं लागत नसे.

हा ट्रक आम्ही बांधायला घेतला तो गिरीशकाकांसाठी. काका आमच्या आधीच्या पिढीतले सर्जन. मी या देशात नवी आले तेव्हा पहिलं कीर्तन ऐकलं ते त्यांच्या दिवाणखान्यात. निवृत्त होऊन ते वेल्समध्ये डोंगरावरच्या एका शेतघरात राहायला गेले, आणि मग खुब्याच्या दुखण्याने तिथेच अडकले. घरापर्यंत जायला चिखलाची चाकोरी, मध्ये ओढा, आणि ओढ्यानंतर दरीच्या कडेने एक आखूड वळण. त्याआधीच्या हिवाळ्यात आमची गाडी ओढ्यातच रुतली. दरवर्षी पुण्याहून येणारे आमचे कीर्तनकार ज्ञानेश्वरबुवा धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, तबला डोक्यावर घेऊन चालत निघाले, आणि काठावर पोचून म्हणाले, "सुनेत्राताई, नारदाचं बरं होतं, आकाशातून जायचा." आम्ही हसलो, पण पुढे जाता आलं नाही. काका वर दारात कंदील लावून बसले होते. त्यांना मी फोनवर सांगितलं, "पुढच्या दत्तजयंतीला तुमच्या दारात कीर्तन आणते."

म्हणून दोन हजार सहाच्या वसंतात भावजींनी एक जुनी लँडरोव्हर पिकअप शोधून आणली, पुढे-मागे मिळून पाच माणसं बसतील अशी. तिला उंच केलं, माझ्या कमरेच्या वर येतील असे टायर बसवले. आमच्या ड्राइव्हवेत ती उभी राहिली की समोरच्या घराला ऊन लागायचं नाही. दीनानाथ, म्हणजे आमचे हे, चहा घेऊन बाहेर यायचे आणि म्हणायचे, "रणगाडा कुठवर आला?" भावजी गाडीखालूनच पूर्वरंग गायला लागायचे, मी पान्यावर पाना आपटून ताल धरायचे. रविवार कसा गेला कळायचं नाही.

माझी अट एकच होती. देवाच्या कामाची गाडी, तेव्हा तिच्यात लबाडी नको. एवढे मोठे टायर रस्त्यावर न्यायचे, तर कायद्यात बसवून न्यायचे. चाकांवर रुंद मडगार्ड बसवले, म्हणजे टायर अंगाबाहेर डोकावणार नाही. इन्शुरन्सवाल्यांना काय काय बदललं ते सांगितलं. भावजी म्हणायचे, "वहिनी, तुम्ही आमच्या बॉसपेक्षा कडक."

ऑक्टोबरात एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे ना याची सरकारी तपासणी झाली आणि गाडी नापास झाली. तपासनिसाने स्टीअरिंग पूर्ण वळवलं, मला खाली वाकायला सांगितलं आणि बोट दाखवलं. टायरची कड ब्रेकच्या रबरी पाइपला घासत होती. पाइपावर घासून चकाकी आली होती. "हा फाटला तर त्या चाकाला ब्रेक नाही," तो म्हणाला.

उपाय होते. स्टीअरिंग कमी वळेल असा बोल्ट आवळता आला असता, पण मग काकांच्या घराकडचं ते आखूड वळण एका दमात घेता आलं नसतं. पाइप आत सरकवणारा लोखंडी कंस, म्हणजे ब्रॅकेट, मागवला. तो आला चुकीचा. दुसरा यायला दत्तजयंती उलटून जाणार होती, आणि बुवा तर लगेच पुण्याला परतणार होते. मी भावजींना म्हटलं, "नाही जमलं तर नाही. काकांना मी सांगेन."

"नाही कसं जमेल?" ते म्हणाले. "मी बघतो. तुम्ही शिऱ्याचं बघा."

पुन्हा तपासणी ठरली त्या सकाळी ते गाडी न्यायला आले आणि म्हणाले, "वहिनी, आधी देवाला नमस्कार करून येतो." मला भरून आलं. भावजी पेटी वाजवत, पण देवापुढे वाकताना मी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, या ट्रकने माणूस हळवा केला.

दुपारी ते पास झाल्याचा कागद फडकवत आले. पाइप आत वळवून पट्टीने बांधला, म्हणाले, कंसाची गरजच पडली नाही. मी शिरा खाली उतरवला आणि काकांना फोन लावला. काका म्हणाले, "ओढ्यापाशी भोंगा वाजव गं. मी दारात येतो."

मी गाडीची पूजा करायला बाहेर गेले. नारळ वाढवला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पुढच्या चाकावर फूल वाहायला वाकले. नटांवर रेघा होत्या. सरळ, अखंड. पण लाल होत्या. माझा अष्टगंध केशरी, आणि वाकलं की चंदनाचा वास यायचा. हे कुंकू होतं.

अष्टगंधाची डबी माझ्या इस्पितळाच्या पर्समध्ये असते. देवघरात आहे ते कुंकू.

मी भावजींना हाक मारली. "चाकं काढली होती?"

"नट जरा बघितले. सैल वाटले म्हणून."

"माझ्याशिवाय?"

"तुम्ही शिऱ्यात होतात, वहिनी."

मी पायरीवर पाय देऊन गाडीत चढले आणि स्टीअरिंग पूर्ण वळवलं. खालून घासल्याचा आवाज आला. उतरून वाकून पाहिलं. पट्टी नव्हती. पाइप होता तिथेच होता, आणि चकाकी होती तशीच.

"लहान चाकं लावून नेलीत," मी म्हटलं.

भावजींनी हात पुसला, खरं तर त्याला काही लागलेलं नव्हतं. "मित्राच्या यार्डात त्याची जुनी पडली होती. सगळे असंच करतात. तपासणीपुरतं, मग मोठी परत. वळणावर मी पूर्ण वळवणारच नाही, दोन दमांत घेईन."

"दरीच्या कडेला, चिखलात, मागे बुवा बसलेले असताना."

"मी चालवणार आहे ना. तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

"होता. म्हणून तर रेघ बघून मी या गाडीत पाच माणसं बसवली असती." मी वाकून लाल रेघेवर बोट ठेवलं. "चाक बदललंत ते एक. पण ती रेघ माझी होती, भावजी. ती तुम्ही माझ्या नावाने ओढलीत. आणि कुंकू माझ्या देवापुढून उचललंत."

ते पायाजवळच्या लिंबाकडे बघत राहिले. तेवढ्यात आमचे हे चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. आम्हा दोघांकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि ट्रे बॉनेटवर ठेवला.

"मी म्हटलं होतं शशीला," हे म्हणाले, "रंग जमत नाहीये म्हणून."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. "तुम्ही तिथे होतात?"

"एकट्याने एवढी चाकं उचलवत नाहीत गं. तुला त्रास नको, काकांचा हिरमोड नको, एवढंच मनात होतं."

मी किल्ली काढून घेतली आणि आत गेले. चहा कुणी प्यायला नाही.

काकांना मी खरं ते सांगितलं. ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर बोलायचे तसे शांतपणे म्हणाले, "बरं केलंस, थांबलीस ते." मग म्हणाले, "कंदील पुसून ठेवला होता." 

दत्तजयंतीचं कीर्तन आमच्याच बैठकीच्या खोलीत झालं. ट्रक बाहेर उभा होता, खिडकीतला निम्मा उजेड अडवून. बुवांच्या पायाशी स्टुलावर फोन ठेवला होता, काकांना ऐकू जावं म्हणून. वेल्सकडे वारा असावा, लाइन मध्येच तुटायची आणि हे पुन्हा नंबर फिरवायचे. भावजी पेटी घेऊन आले होते. येणार नाहीत असं मला वाटलंही नव्हतं. वर्षानुवर्षांची त्यांची जागा होती ती, माझ्या डावीकडची.

बुवांनी नमन धरलं. पेटी सुरात होती. मीच मागे पडत होते. भावजींचा सूर कुठे जाणार हे मला पूर्वी आधीच कळायचं, आता प्रत्येक वेळी मान वर करून बघावं लागत होतं. बुवांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लय थोडी सोपी केली.

पूर्वरंग संपला. मध्यंतरात बुवांना हार घालायचा आणि त्यांना, साथीदारांना गंध लावायचं, हा आमच्याकडे माझा मान. मी अष्टगंधाची वाटी घेऊन उठले. बुवांना लावलं, पायाला हात लावला. तबल्यावरच्या मुलीला लावलं. मग पेटीपाशी आले. भावजींनी डोळे मिटून कपाळ पुढे केलं, दरवर्षी करायचे तसं. खोलीत चंदनाचा वास पसरला होता. फोनमधून काकांच्या खोकल्याचा आवाज आला.

माझं बोट वाटीत बुडलेलं होतं. उचलवेना.

भावजींनी डोळे उघडले. मी बोट वाटीच्या कडेला पुसलं आणि वाटी पेटीवर ठेवली.

"तुम्हीच लावून घ्या," मी म्हटलं. "तुम्हाला येतं."

आणि जागेवर जाऊन झांजा उचलल्या. बुवांनी आख्यान लावलं. पेटीचा सूर यायला जरा वेळ लागला.