न्याय केलात, कॅप्टन

ठो! कॅप्टनच्या पिस्तुलातून धूर निघाला आणि गद्दाराचं काम करणारा नट धाडकन कोसळला. मंडपभर शिट्ट्या झाल्या. धानोऱ्याकडच्या त्या गावात मंडईच्या जत्रेनिमित्त नाटक होतं, पाय ठेवायला जागा नव्हती. विंगेत स्टुलावर बसलेल्या गुणवंतरावांनी संहितेचं पान उलटलं. झाडीपट्टीच्या नाटकात तालमी नावापुरत्या, सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालण्यात गुणवंतरावांचं उभं आयुष्य गेलं होतं.

नाटक हरिदासचं. कंपनीचा मालक तोच, लेखकही तोच. लहानपणी पाहिलेल्या लढाईच्या एका जुन्या प्रेमपटावरून त्यानं ते बेतलं होतं. कॅप्टनचं एका मास्तरणीवर प्रेम असतं. तिचा भाऊ शत्रूला खबर देतो असा संशय येतो, कॅप्टन तिच्यादेखत त्याला गोळी घालतो आणि ती बया डोळे पुसून त्याच हाताला कुंकू लावते. निदान भावावरचा आरोप तरी सिद्ध होऊ दे, असं गुणवंतरावांनी तालमीत सुचवलं होतं.

"सिनेमात तसंच हाय, भाऊ," हरिदास म्हणाला होता. "देशापुढं प्रेम काय घेऊन बसले? पब्लिक यालेच टाळ्या देते."

गुणवंतरावांनी पुढचं पान काढलं. या वयात दुसऱ्या कंपनीत कोण घेणार?

त्यांच्या मुलाचं, अश्विनचं, त्यांच्या गावी मोबाइलचं दुकान होतं. तिथे पोलीस यायचे, जंगलातले नक्षलवादीही यायचे. तो कोणाला नको म्हणणार? एका संध्याकाळी जंगलातल्यांनी त्याला भरल्या ताटावरून उठवलं. गुणवंतराव पाय धरायला गेले, तर बंदुकीच्या दस्त्यानं त्यांचे पुढचे दात पाडले. सकाळी पोरगं फाट्यावर सापडलं. हात मागे बांधलेले, डोकं दगडानं ठेचलेलं, छातीवर चिठ्ठी: पोलिसांचा खबरी. पुढे पोलीस आले, म्हणाले, हा आमचा नव्हताच. हरिदासला हे सगळं ठाऊक होतं. टाळ्यांच्या नादात आठवलं नसावं.

मास्तरणीचं काम करणारी हर्षा प्रेताशेजारी बसली आणि तिनं विंगेकडे कान दिला. 'तो गद्दार होता. तुम्ही न्याय केलात, कॅप्टन.' एवढंच वाक्य द्यायचं होतं. गुणवंतरावांनी पानावरची नजर काढली.

"तो जेवत होता," ते कुजबुजले.

हर्षा अडखळली. मग तिनं ते म्हटलं.

"हात बी धुवू नाई देला त्याले."

तेही तिनं म्हटलं, अगदी त्याच बोलीत. शिट्ट्या थांबल्या. पुढच्या रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

हरिदास धावत आला. त्यानं गुणवंतरावांची कॉलर आवळली, फाडकन तोंडात मारली आणि खरं वाक्य दे म्हणून दातओठ खात बजावलं. ओठ फुटला, रक्त संहितेवर पडलं. गुणवंतरावांनी ती मिटली.

स्टेजवर कॅप्टन झालेला अजय गोंधळून उभा होता. काहीतरी बोलणं भाग होतं. त्यानं पिस्तूल खाली केलं.

"मग आमी मारलं काऊन त्याले? काय केलं होतं त्यानं?"

दोघंही विंगेकडे बघू लागले. हरिदासची मूठ सुटली. सगळा मंडप उत्तराची वाट पाहत राहिला. हाच प्रश्न घेऊन गुणवंतराव इतकी वर्षं पोलीस ठाण्यात गेले होते, पाटलाकडे गेले होते, एकदा तर जंगलातही गेले होते.

"मले नाई मालूम," ते पुटपुटले.

हर्षानं प्रेक्षकांकडे तोंड केलं आणि तेही मोठ्यानं म्हटलं.