लग्न कोणाचं?

मिसेस फॅरोंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि छापील यादीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"लग्नाचे पोशाख, दोन तास दहा मिनिटं. लग्नाचे केक, पंचावन्न मिनिटं. फुलांची सजावट. पुन्हा लग्नाचे पोशाख. चार महिन्यांत एकूण एकसष्ट तास. सगळे कामाच्या वेळेतले आणि सगळे तुमच्या पासवर्डवरून."

टिपणं घेणाऱ्या माणसाने ओठ आत ओढून हसू दाबलं. ग्लेंडा ओडलिंगने ते बरोबर टिपलं. अठ्ठावन्न वर्षांची बिनलग्नाची बाई, आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर नवरीचे झगे बघत बसते! गेले सहा आठवडे ग्रिम्स्बी बंदराच्या अख्ख्या गोदीवर हाच विनोद चालला होता. मासे कापणाऱ्या बायका तर तिला बघून लग्नाची चाल गुणगुणायच्या.

"तुमचं लग्न ठरलं होतं का, मिस ओडलिंग?" मिसेस फॅरोंनी विचारलं. अपील ऐकायला त्या मुख्य कचेरीतून आल्या होत्या. विचारण्यात कुचेष्टा नव्हती, पण ग्लेंडाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाही. लग्न ह्यांच्या मुलीचं होतं."

तिने बोट दाखवलं नाही, नुसतं समोर पाहिलं. समोर क्लाइव्ह स्टेन्टन बसला होता. बावीस वर्षं ती त्याची कचेरी सांभाळत होती आणि तिला काढल्याच्या पत्रावर सही त्याचीच होती.

"हे मला नवीनच आहे," स्टेन्टन म्हणाला. "पहिल्या चौकशीत ह्या एक शब्द बोलल्या नव्हत्या."

"कारण तुम्हीच म्हणालात, 'ग्लेंडा, तू गप्प राहा, मी निभावून नेतो. फार तर ताकीद देतील.'"

"असं मी कधीही म्हणालो नाही."

"ग्लेंडा, सावकाश," शेजारी बसलेला युनियनचा टॉयन पुटपुटला. टेबलाखाली तिच्या मुठी आवळलेल्या त्याला दिसत होत्या.

"सावकाशच घेतलं, म्हणून तर ही वेळ आली," ती त्याला म्हणाली आणि मिसेस फॅरोंकडे वळली. "तुमच्या त्या गठ्ठ्यात पोशाखाची ऑर्डर आहे. मापं वाचा ना जरा."

मिसेस फॅरोंनी पानं चाळली. एका पानावर त्या थांबल्या.

"कंबर सव्वीस इंच. उंची पाच फूट नऊ इंच."

ग्लेंडा खुर्ची मागे सारून उभी राहिली. उभी राहूनही ती बसलेल्या टॉयनपेक्षा जेमतेम वीतभर उंच दिसत होती. कार्डिगन खाली ओढून ती तशीच उभी राहिली. टिपणं घेणाऱ्याचं पेन थांबलं.

"मिस्टर स्टेन्टन, तुमच्या मुलीची उंची किती?" मिसेस फॅरोंनी विचारलं.

स्टेन्टनने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "एखाद-दुसऱ्या वेळी मी मदत मागितली असेल. एकसष्ट तास घालवा, असं काही सांगितलं नव्हतं."

"तीन वेळा केक बदललात तुम्ही!" ग्लेंडाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "लिंबाचा नको, फळांचा नको. माझं काम मी जेवणाच्या सुट्टीत उरकत होते. आणि लग्नाला? लग्नाला मला साधं बोलावणंसुद्धा नव्हतं."

दोन आठवड्यांनी टॉयन पत्र घेऊन तिच्या घरी आला तेव्हा ती हॅडॉक मासा तळत होती. तो दारातूनच ओरडला.

"जिंकलीस! बडतर्फी रद्द. सोमवारपासून कामावर. बुडालेला पगारही मिळणार."

ग्लेंडाने गॅस बंद केला, हात पुसले आणि पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे काय? 'कॉम्प्युटरचा गैरवापर झालाच आहे. तो कोणाच्या सांगण्यावरून झाला, हे गौण आहे. सबब अंतिम लेखी ताकीद.'"

"अगं, काहीतरी लिहावंच लागतं त्यांना. वर्षभराने फाइलमधून निघूनही जाईल."

"आणि त्याला?"

टॉयनने टोपी हातात फिरवली. "त्याच्याशी बोलणं झालंय म्हणतात."

"लेखी?"

"नाही. तोंडी."

"आणि सोमवारी मी बसणार कोणाच्या कचेरीत?"

तव्यावरचा मासा हळूहळू थंड होत होता. ग्लेंडाने टेबलावरची ताटली बाजूला सारली, पत्र समोर पसरलं आणि खुर्ची ओढून बसली.

"ह्या ताकिदीवर अपील करायला किती दिवस असतात रे?"

"ग्लेंडा, नोकरी परत मिळालीय तुला. आता पुरे कर."

"किती दिवस?"

टॉयनने सुस्कारा सोडला, कोट काढला आणि तिच्यासमोर बसला.

"सात," तो म्हणाला.